गुरुवारचं पाणी

कसबा पेठ, पुणे
४ नोव्हेंबर २०२५

मा. डॉ. उत्तरेश्वर गाडे यांस,
स. न. वि. वि.

नमस्कार लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला. त्यात प्रेम वगैरे शोधू नका.

आपल्या समितीने काढलेला तलावांच्या निकषांचा मसुदा वाचला. एकशे चौदा पानं. माझी भाची अवनी ऑफिसातून छापून घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, सिंपल मेल टाक ना, पत्र कोण लिहितं आता?" मेलला आपण 'नोटेड' असं एका शब्दात उत्तर द्याल. स्पीडपोस्टाचं पाकीट निदान सही करून घ्यावं लागतं, म्हणून पत्र.

ओळख पटली नसेल तर सांगते. मी आनंदी मेहेंदळे. एम.एस्सी.ची दोन वर्षं आणि पीएच.डी.चं दीड वर्ष आपण माझे विद्यार्थी होता. पुढची एकवीस वर्षं आपण मला साधं दिवाळीचं कार्डही पाठवलं नाहीत. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे.

तलाव चांगला की वाईट हे ठरवायचं तर आधी एक असा तलाव शोधायचा, ज्याला माणसाने हात लावलेला नाही. त्याचं पाणी किती नितळ, त्यात प्राणवायू किती, तळाच्या गाळात कोणते जीव राहतात, हे मोजायचं. मग बाकीच्या तलावांना त्याच्या शेजारी उभं करून बघायचं. हा संदर्भ तलाव. हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात मी आपल्याला शिकवलं होतं. आणि आपण पुण्याच्या पठारासाठी संदर्भ तलाव म्हणून कोणता घेतलात? चिंचओढा! लोणी काळभोरच्या मागचा चिंचओढा! गेल्या वर्षी तिथला गाळ काढलात, ट्रेभर लाल अळ्या सापडल्या, आणि पान सदुसष्टवर बेधडक लिहून मोकळे झालात की 'या पठारावरील तलावांत लाल अळ्यांचे प्राबल्य नैसर्गिक मानावे'. लाल अळी कुठे राहते, डॉक्टरसाहेब? जिथे बाकी कुणाला श्वास घेता येत नाही तिथे.

वर्गातल्या सगळ्यात ढ पोराला पहिला नंबर द्यायचा आणि त्याच्या मार्कांवर पासची रेषा ओढायची, असला हा प्रकार. मग काय, सगळा वर्ग पास! या शहरातला एकूण एक तुंबलेला तलाव पुढच्या वर्षापासून 'चांगला'. चिंचओढ्याच्या काठावर जी नवी वसाहत होते आहे, तिचं मैलापाणी जुजबी गाळून त्याच तळ्यात सोडायचीही सोय झाली, कारण 'चांगल्या' तलावाला तेवढं पेलतं असं आपल्याच परिशिष्टात लिहिलं आहे.

आणि या सगळ्याला आधार कोणाचा? 'मेहेंदळे, २००४.' म्हणजे माझा. माझ्या निबंधाच्या पाठीवर बसून ही वरात काढायची परवानगी मी कोणालाही दिलेली नाही. हरकती घ्यायची शेवटची तारीख १ डिसेंबर आहे. तोवर चिंचओढा यादीतून काढा.

आनंदी मेहेंदळे
(निवृत्त. हयात.)


कसबा पेठ
१२ नोव्हेंबर २०२५

उत्तरेश्वर,

अहो-जाहो पुरे झालं. तुझं उत्तर काल आलं. पाच ओळी. टपालखात्याचा एवढा अपमान अजून कोणी केला नसेल.

"मॅडम, सा. न. चिंचओढ्याची निवड आपल्या निबंधावरून झाली. पठारावरच्या तलावांबद्दल जुना छापील पुरावा तेवढाच आहे. आपण तेव्हा दर गुरुवारी नमुने घेत होतो, हे आपल्याला आठवत असेल. तब्येतीस जपावे."

तब्येतीस जपावे! माझी तब्येत ठणठणीत आहे. रोज शनिवारवाड्यापर्यंत चालत जाते, वाटेत दोन रिक्षावाल्यांशी भांडते आणि परत येते.

गुरुवार. बरं, गुरुवारच घेऊ. कॉलेजची जीप गुरुवारीच मोकळी असायची. सोमवार ते बुधवार प्रात्यक्षिकं, शुक्रवारी प्राचार्यांना विद्यापीठात जायचं असे, शनिवारी ड्रायव्हर अर्ध्या दिवसाने पळायचा. त्या जीपसाठी मी किती अर्ज केले ते तुला माहीत नाही. आणि नमुना तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याच्या मुखाशीच घेत होतो, कारण जीप तिथवरच जायची, पुढे चिखल. बाई माणसाने तळ्याच्या मध्यभागी पोहत जायचं होतं का?

ओढ्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवायच्या तीन शेड होत्या, आणि इथे कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते, हे तुला म्हणायचं आहे. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस ओढ्यातून रंगाचं पाणी येणार आणि ज्या दिवशी ते बंद, नेमकी त्याच दिवशी आमची स्वारी बाटल्या घेऊन हजर. मी कसब्यात वाढले. आमच्या घरात शाळेची सुट्टी रविवारी, बँकेची रविवारी. कारखान्याच्या सुट्ट्या मला कोण सांगणार? तू सांगितलं होतंस, असंही तुला म्हणायचं असेल. मला आठवत नाही.

अळ्यांचं मात्र आठवतं. तू गाळ चाळणीतून धुतलास, पांढऱ्या ट्रेमध्ये पसरलास आणि चिमट्याने एकेक वेगळी करून मोजलीस. तीनशे बारा लाल अळ्या. स्वच्छ पाण्यात राहणाऱ्या तीन शेपट्यांच्या अळ्या फक्त दोन. इकडे बाटलीतलं पाणी नितळ, प्राणवायू भरपूर. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? मी पाण्यावर विश्वास ठेवला. माझ्या जागी कोणीही तेच केलं असतं. तेव्हा तुला काहीतरी बोललेही असेन. शिक्षक बोलतात. तेवढ्यासाठी पीएच.डी. अर्धी टाकून हैदराबादला निघून जायचं असतं का?

चिंचओढा काढतो आहेस की नाही, तेवढं कळव.

आनंदी मेहेंदळे


कसबा पेठ
२० नोव्हेंबर २०२५

उत्तरेश्वर,

मंगळवारी चिंचओढ्याला जाऊन आले. बसने. हडपसरला बस बदलली, पुढे लोणीपर्यंत उभी. कोणी जागा दिली नाही आणि मी मागितलीही नाही.

ओढ्याचं पाणी जांभळं होतं. वांग्याच्या सालीसारखं जांभळं, वर फेस. तिन्ही शेड आता पक्क्या झाल्यात, आणखी दोन वाढल्यात. मी वीस वर्षांत तिकडे फिरकले नव्हते, हे तुला माहीत असणारच.

काठावर मथुराबाई भेटली. तुला आठवत असेल, ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकायची, आपल्याला काळा चहा द्यायची. अजून तेच करते. केस पांढरे झालेत, ट्यूब नवी आहे. मला बघून डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाली, "गुरवारवाल्या बाई न्हवं का तुमी?"

मी म्हटलं, "असं का म्हणता?"

"सदा गुरवारीच याच्या की. रंगाचं पानी बंद असतंय तवाच. आमाला वाटायचं, बाईंना चांगलंच पानी लागत आसंल, औषदाला नायतर कशाला. म्हनून कवा इचारलं न्हाई."

मी तिथल्या दगडावर बसले. ती सांगत राहिली आणि मी ऐकत राहिले. तिच्या नवऱ्याने मासे मरतात म्हणून चार वेळा अर्ज दिला होता. पहिला २००६ साली. "सायेब म्हनले, अहो, कालेजच्या म्याडमनी वरीसभर तपासलंय, पुस्तकात छापून आलंय, तुमचं तळं तर एक नंबर हाय. धनी गप घरी आले. छापल्यालं हाय म्हनल्यावर आमी कुनाशी भांडायचं?" नवरा पाच वर्षांपूर्वी गेला. विहीर तळ्याच्या पाझरावर आहे, तिचं पाणी उकळलं तरी वास जात नाही. पिण्याचं पाणी सून विकत आणते. त्या दिवशी सकाळपासून मथुराबाईच्या जाळ्यात दीड किलो मासळी आली होती. पूर्वी तेवढी ती मांजरांना टाकायची.

"आता त्या बिल्डिंगींचं संडासाचं पानी बी ह्यातच येनार म्हनं," ती म्हणाली. "मग ट्यूब घिऊन म्या कुटं जाऊ? तुमी येवडं शिकल्याल्या, तुमीच सांगा."

मी पिशवी उचलली आणि परतीची बस धरली.

आता तुला विचारते. मला नव्हतं माहीत, असं आपण क्षणभर धरून चालू. तुला तर माहीत होतं ना? गुरुवार माहीत होता, शेड माहीत होत्या, गाळ तू स्वतः धुतला होतास. त्या समितीच्या टेबलाशी बसलेला, हे सगळं जाणणारा तू एकटा माणूस होतास. माझा निबंध समोर आला तेव्हा तुझ्या तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? माझ्यावर राग होता तर माझ्या दारात येऊन चार शिव्या द्यायच्या होत्यास. तो राग मथुराबाईच्या तळ्यावर का काढलास?

मला पाच ओळींचं उत्तर नको आहे. पान भरून लिही.

आनंदी


कसबा पेठ
२६ नोव्हेंबर २०२५

उत्तरेश्वर,

पान भरून लिहिलंस. दोनदा वाचलं. एक परिच्छेद तुझा तुलाच पुन्हा दाखवते, म्हणजे तू काय लिहून बसला आहेस ते तुला दिसेल.

"बैठकीत आपला निबंध पुढे आला तेव्हा मी बोलणार होतो. पण बोललो असतो तर पहिला प्रश्न आला असता, मेहेंदळेबाईंनी तळाच्या जीवांची मोजणी का वगळली? मला आपल्याला या वयात चारचौघांत उघडं पाडायचं नव्हतं. काही झालं तरी आपण माझ्या गुरू."

तू माझी कीव केलीस? तू? मला सांभाळून घेतलंस? अरे, मी काय तुला काचेची बरणी वाटले? गुरुदक्षिणा द्यायची हौस होती तर स्वतःच्या खिशातलं काही द्यायचं होतंस. मथुराबाईचं तळं द्यायला ते तुझ्या बापाचं होतं का? एका म्हातारीची अब्रू राहावी म्हणून दुसऱ्या म्हातारीच्या विहिरीत मैला सोडायचा, आणि त्याला आदर म्हणायचं! असला आदर माझ्या दारात नको.

आणि नुसता आदरच होता, हेही मला पटत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शाई फिरवणारी ही बाई, तिचं नाव या सडक्या निकषाखाली कायमचं छापलं जाणार, ह्याची तुला थोडी गंमत वाटलीच असेल. मला वाटली असती. खोटं बोलू नकोस.

आता मीही बोलत नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तुला काहीतरी बोलले असेन. काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. तू ट्रे घेऊन आलास, म्हणालास, "मॅडम, तीनशे बारा. आणि गुरुवारी शेड बंद असतात, आपण एकदा बुधवारी जाऊ या." आणि मी सगळ्या प्रयोगशाळेसमोर म्हणाले, "गाडे, हे मार्केट यार्ड नाही, गोण्या मोजल्यासारख्या अळ्या मोजायला." सगळे हसले. पहाटे चारला तू कांद्याच्या आडत्याकडे गोण्या मोजायला जायचास आणि आठच्या तासाला माझ्या वर्गात बसायचास, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धाराशिवकडच्या एका खेड्यातून आलेल्या पोराची त्या पुण्याच्या पोरांमध्ये मी मोजून एका वाक्यात लाज काढली. मला ते वाक्य सुचलं म्हणून मी खूश होते. आमच्या पेठेत वाक्य सुचलं की ते गिळायची पद्धत नाही. माणूस गेला तरी चालेल, वाक्य जाता कामा नये.

गोण्या मोजणाऱ्याची मोजणी चुकत नाही. एक चुकली तर आडत्या दुसऱ्या दिवशी उभा करत नाही. एवढी साधी गोष्ट मला कळत नव्हती असं नाही.

पुढचं तुला माहीत नाही. ते कोणालाच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, प्रयोगशाळा रिकामी होती. तुझा ट्रे ओल्या फडक्याखाली तसाच होता. मी दार लावून घेतलं आणि स्वतः मोजल्या. तीनशे नऊ. तीन माझ्याकडून सुटल्या असतील, तेव्हाही माझी दूरची-जवळची नजर यथातथाच होती. दुसऱ्यांदा मोजल्या. तीनशे अकरा.

मग मी ट्रे बेसिनमध्ये ओतला आणि नळ सोडला.

निबंध आधीच स्वीकारला गेला होता. त्याच्या शीर्षकातच 'अबाधित तलाव' हे शब्द होते. चौदा वर्षं मी लेक्चरर होते आणि रीडरच्या बढतीच्या मुलाखतीला सहा आठवडे उरले होते. ही कारणं आहेत. ती मला पटतात म्हणून सांगत नाही, तेव्हा पटली होती म्हणून सांगते. छपाईआधीच्या शेवटच्या तपासणीत मी खाली एक टीप घातली : 'तळातील जीवांची मोजणी नवशिक्या विद्यार्थ्याने केली असल्याने वगळली आहे.' तू ती वाचलीस आणि त्याच आठवड्यात खोली सोडून गेलास.

म्हणजे मला माहीत होतं. मथुराबाईच्या नवऱ्याने पहिला अर्ज दिला त्याच्या दोन वर्षं आधीपासून माहीत होतं.

गेले तीन आठवडे तुझ्यावर ओरडते आहे, ते सगळं खरं आहे, त्यातला एक शब्द मागे घेत नाही. फक्त तो ओरडा दोघांत वाटून घ्यायला हवा होता, आणि माझा वाटा मोठा.

आनंदी


कसबा पेठ
१ डिसेंबर २०२५

उत्तरेश्वर,

हरकत दिली. पोच घेतली.

सकाळी मथुराबाई लोणीहून आली. मी स्वारगेटला उभी होते. तिला सगळं सांगितलं, रिक्षात बसल्यावर सांगितलं, म्हणजे तिला उठून जाता येणार नाही. ट्रेचं, नळाचं, टिपेचं. ती बाहेर बघत म्हणाली, "धन्यांना लई वाटायचं बगा, आपुनच खोटं बोलतोय का काय. मरंस्तवर वाटायचं." एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कचेरीत हरकती घ्यायला रावसाहेब नावाचे गृहस्थ बसले होते. सभ्य माणूस. छापील अर्ज पुढे ओढून त्यांनी विचारलं, "हरकत कोणाच्या निष्कर्षांवर?"

"आनंदी मेहेंदळे, २००४."

"बरं. हरकत घेणाऱ्याचं नाव?"

"आनंदी मेहेंदळे."

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, काहीतरी गडबड होतेय. तुम्ही निबंधाच्या बाजूने आहात ना?"

"विरुद्ध."

"अहो, पण स्वतःच्याच निबंधाविरुद्ध... असं कधी कोणी केलेलं नाही."

"मग आजपासून करतात असं समजा," मी म्हटलं. ही सवय काही जायची नाही.

ते आत जाऊन साहेबांना विचारून आले. तोवर मथुराबाईने तिच्या हरकतीवर अंगठा उठवला. रावसाहेबांनी तिला विचारलं, "आजी, तुमच्याकडे पुरावा म्हणून काही कागद आहे का?"

तिने माझ्याकडे बोट केलं. "कागुद ह्यांनीच लिवलाता. आता ह्याच खोडाया आल्यात."

खोलीतली दोन-चार माणसं वळून बघायला लागली. मी खाली बघितलं नाही. बघावंसं फार वाटत होतं.

चार पानांत सगळं लिहून दिलं आहे. गुरुवार, मुखाशी घेतलेले नमुने, तुझी मोजणी, माझ्या दोन मोजण्या, बेसिन. तुझं नाव लिहिलं आहे, 'नवशिका' हा शब्द खोटा होता असंही लिहिलं आहे. पण रावसाहेबांनी जाताना थांबवलं. म्हणाले, "मॅडम, स्पष्ट सांगतो. एकवीस वर्षांनी निवृत्त बाई येऊन म्हणतात, मी खोटं छापलं. पुरावा तुम्हीच ओतून टाकलात म्हणता. समिती म्हणेल, वय झालंय. ज्यांनी मोजणी केली त्यांचा लेखी जबाब जोडला नाही तर ही हरकत सुनावणीतून सरळ बाजूला पडेल." तो माणूस समितीतच आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते तूच सांगायचं आहेस.

मी तुझी माफी मागते. प्रयोगशाळेतल्या त्या वाक्याबद्दल, टिपेबद्दल, आणि तुझी मोजणी खरी आहे हे हाताने मोजून कळल्यावरही तुला जाऊ दिलं त्याबद्दल. ही माफी मागताना मला आनंद होत नाहीये आणि मोठेपणाही वाटत नाहीये, मी अजून संतापलेलीच आहे, आधी माझ्यावर आणि मग तुझ्यावर. तू माफ कर किंवा करू नकोस, तो तुझा प्रश्न. पण माफ करून गप्प बसणार असशील तर मुळीच करू नकोस.

सुनावणी नऊ तारखेला आहे. जबाब आठपर्यंत पोहोचायला हवा. मथुराबाई परत जाताना विचारत होती, "ते पोरगं येईल का हो?" पोरगं म्हणजे तू. तिच्या लेखी तू अजून ट्रे उचलणारा पोरगाच आहेस. मी म्हटलं, मला माहीत नाही.

या पत्राचं उत्तर मला पाठवू नकोस. त्यांना पाठव.

आनंदी मेहेंदळे